तान्ह्या आणि लहान मुलांचे बद्धकोष्ठ: औषध कोणते, किती आणि कधीपर्यंत

इंदूरमध्ये एका औषधाच्या दुकानात मी अठरा वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम करते आहे. दुकान रामबाग या मराठी वस्तीपासून फार लांब नाही, त्यामुळे येणाऱ्या आया आणि आज्या माझ्याशी मराठीतच बोलतात. चैत्र-वैशाखात उन्हाळा तापला की एक वाक्य जवळजवळ रोज कानावर पडते: "बाळाला चार दिवस शी झाली नाही, पोट साफ व्हायला काहीतरी द्या." अशा वेळी बाटली काढून देणे सोपे असते. मी मात्र आधी बाळाचे वय विचारते, वजन विचारते, ते काय खाते-पिते ते विचारते, आणि शी होते तेव्हा ती कशी असते हे विचारते. या चार उत्तरांवरून बऱ्याचदा असे दिसते की बाळाला औषधाची गरजच नाही, आणि काही वेळा असेही दिसते की दुकानात न थांबता तडक डॉक्टरांकडे जायला हवे. या दोन टोकांच्या मधल्या मुलांना औषध लागते, आणि घरात बहुधा वाटते त्याहून ते पुष्कळ जास्त दिवस लागते. हा लेख मुख्यतः त्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे.

आधी ठरवावे: हे खरोखर बद्धकोष्ठ आहे का?

फक्त आईच्या दुधावर असलेले बाळ सुरुवातीच्या आठवड्यांत प्रत्येक वेळी दूध पिऊन झाले की शी करते, आणि तेच बाळ दीड-दोन महिन्यांचे झाले की कधी कधी आठवडाभर शी करत नाही. शेवटी झालेली शी मऊ आणि पिवळसर असेल, बाळ नीट दूध पीत असेल, वजन वाढत असेल आणि पोट फुगून टणक झालेले नसेल, तर हे बद्धकोष्ठ नव्हे. आईचे दूध इतके पूर्ण पचते की बाहेर टाकायला फारसे काही उरत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. पहिल्या महिन्यातच शी फार कमी होत असेल तर मात्र दूध पुरते आहे की नाही हे बाळाचे वजन करून पाहावे लागते.

दुसरा गैरसमज कुंथण्याविषयी आहे. नऊ महिन्यांच्या आतले एखादे बाळ दहा-वीस मिनिटे लालबुंद होऊन कुंथते, रडते, आणि शेवटी अगदी मऊ शी करते. पोटाने जोर देताना खालचे स्नायू सैल सोडायचे असतात, ही दोन कामे एकत्र जुळवायला ते बाळ अजून शिकत असते. त्याला औषध देऊ नये आणि गुदद्वारात काही घालून मदतही करू नये. बाहेरून चेतावण्याची सवय लागली तर ते कौशल्य शिकायला त्याला आणखी वेळ लागतो.

बद्धकोष्ठ ओळखायचे ते दिवस मोजून नव्हे, तर शी पाहून आणि मूल पाहून. चार वर्षांखालील मुलांमध्ये पुढील गोष्टींपैकी किमान दोन महिनाभर दिसत असतील, तर डॉक्टर त्याला बद्धकोष्ठ म्हणतात: आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शी होणे, मुलाने शी धरून ठेवणे, शी कडक असणे किंवा होताना दुखणे, शीचा आकार वयाच्या मानाने फार मोठा असणे, आणि डॉक्टरांनी तपासल्यावर गुदाशयात मळाचा मोठा गोळा हाताला लागणे. शी आल्याचे सांगू लागलेल्या मुलाच्या चड्डीला आठवड्यातून एकदा तरी डाग लागत असेल, तर तोही यात धरतात. शेळीच्या लेंड्यांसारखी सुटी सुटी आणि कोरडी शी रोज होत असली तरी ते बद्धकोष्ठच आहे.

औषधाआधी डॉक्टर कधी?

बाळाची पहिली काळी, चिकट शी जन्मानंतर ४८ तासांच्या आत झाली होती का, हे आईला विचारावे किंवा बाळंतपणाच्या कागदांत पाहावे. ती उशिरा झाली असेल, बद्धकोष्ठ पहिल्या महिन्यातच सुरू झाले असेल, उलटी हिरवी होत असेल, पोट फुगून ताणले गेले असेल किंवा वजन वाढत नसेल, तर आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशी नसण्याच्या जन्मजात आजाराची शंका घ्यावी लागते. हॅराल्ड हिर्शस्प्रुंग या डॅनिश बालरोगतज्ज्ञाने १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात. तो सुमारे पाच हजारांतील एका बाळाला होतो आणि त्यावर उपाय शस्त्रक्रियेचा आहे, सारक औषधाचा नाही. बद्धकोष्ठाबरोबर ताप असणे, शी रिबिनीसारखी बारीक होणे, गुदद्वाराशी चीर दिसत नसताना रक्त पडणे, कंबरेवर केसांचा झुबका किंवा खोल खळगा असणे, पायांत जोर नसणे, गुदद्वार जागेवर नसल्यासारखे वाटणे, किंवा बाळ सुस्त होऊन अंगावर पिणे कमी करणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. रात्रीची वेळ असेल तर इंदूरच्या सरकारी एम. वाय. रुग्णालयाचा बालरोग विभाग आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कोणतेही सारक औषध सुरू करू नये, आणि माझ्या दुकानातून मी ते चिठ्ठीशिवाय देतही नाही.

मूल शी का धरून ठेवते?

हा भाग नीट समजला तर पुढचे सगळे उपचार आपोआप समजतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते.

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना दुपारी एकदम गप्प होऊन व्हरांड्यातल्या पडद्यामागे जाऊन उभी राहायची. दोन्ही टाचा उचललेल्या, पाय एकमेकांना घट्ट जोडलेले, दिवाणाची कड मुठीत धरलेली आणि चेहरा लाल. घरातले सगळे म्हणत, "बघ, बिचारी किती जोर लावते आहे!" मलाही तसेच वाटे. खरे तर ती जोर लावत नव्हती. ती शी आत ओढून धरत होती. आधी कधीतरी कडक शी होताना तिला कापल्यासारखे दुखले होते, गुदद्वाराशी बारीक चीर पडली होती, आणि पुन्हा दुखू नये म्हणून तिने आपल्या परीने केलेला तो उपाय होता.

शी धरून ठेवली की ती मोठ्या आतड्यात पडून राहते आणि आतडे तिच्यातले पाणी शोषत राहते, त्यामुळे ती आणखी मोठी, आणखी कोरडी होते. पुढच्या वेळी आणखी दुखते. हळूहळू गुदाशय ताणला जातो आणि भरल्याची जाणीव बोथट होते. मग मुलाला शी आल्याचे कळतच नाही. त्या अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ, घाण वासाचा मळ झिरपू लागतो आणि चड्डीला लागतो.

आमच्या घरी तेव्हा हेच झाले. चड्डी दिवसातून चार-पाच वेळा खराब होऊ लागली, तेव्हा सासूबाईंनी जुलाब समजून साबुदाण्याची पेज आणि केळे सुरू केले, आणि औषधांच्या कपाटांमध्ये दिवस काढणाऱ्या मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. बालरोगतज्ज्ञांनी तिला आडवे निजवले, माझा हात धरून माझीच बोटे तिच्या पोटाच्या डाव्या बाजूला खाली ठेवली आणि हळूच दाबली. आत लिंबाएवढा टणक गोळा होता. पोट भरलेले होते आणि आम्ही जुलाब थांबवायचे उपाय करत होतो. तेव्हापासून "चार दिवस शी नव्हती आणि आता सारखी पातळ होते आहे" असे कोणी काउंटरवर सांगितले, की जुलाब थांबवणारे काहीही देण्याआधी मी मुलाला तपासून घ्यायला सांगते.

हा त्रास बहुधा तीन वळणांवर सुरू होतो. बाळाला वरचे अन्न सुरू करतो तेव्हा, त्याला संडासाची सवय लावू लागतो तेव्हा, आणि ते बालवाडीत जाऊ लागते तेव्हा. या तिन्ही वेळी पहिल्या कडक शीकडे लक्ष दिले तर पुढचे महिने वाचतात.

घरातले कोणते उपाय सोडावेत?

आपल्या घरांमध्ये विड्याच्या पानाच्या देठाला एरंडेल किंवा खोबरेल लावून तो बाळाच्या गुदद्वारात सरकवण्याची पद्धत आहे. कोणी साबणाची बारीक वडी कोरून घालतात. दोन्हींनी शी लगेच होते, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो. परंतु देठाच्या टोकाने नाजूक त्वचेला जखम होते, साबणातल्या क्षाराने आतली त्वचा भाजल्यासारखी होते, आणि ज्या मुलाला आधीच तिथे काही होण्याची भीती बसली आहे त्याची भीती दुप्पट होते. हे उपाय प्रेमानेच केलेले असतात, हे मला ठाऊक आहे, तरीही ते बंद करावेत असे मी प्रत्येक आजीला हात जोडून सांगते.

एरंडेल पाजल्याने आतडे चेतते, पोटात कळा येतात, कधी इतके जुलाब होतात की बाळाच्या अंगातले पाणी कमी होते. मध एक वर्षाच्या आत बोटावर चाटवायलाही देऊ नये. त्यात बॉट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि त्या आजाराचे पहिले लक्षण बऱ्याचदा बद्धकोष्ठच असते. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत हिरडा, बेहडा, वेखंड, मुरडशेंग असे अनेक घटक असतात, त्यांचे प्रमाण रोज बदलते, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही, म्हणून तिचा आग्रह धरू नये. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावणे किंवा कोमट तेलाने पोट हलक्या हाताने चोळणे याने अपाय नाही. बाळाचे पाय सायकल चालवल्यासारखे हलवावेत, त्यानेही त्याला बरे वाटते.

मोठ्यांसाठी असलेल्या चूर्णांमध्ये बहुधा सोनामुखी असते. लंगोट बांधलेल्या मुलाला ते दिले आणि ती शी अंगाला लागून राहिली, तर कुल्ल्यांवर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. इसबगोल तर आपल्याच भागातले पीक आहे, नीमच आणि मंदसौरच्या मंड्यांतून ते देशभर जाते, त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात त्याचे पाकीट असते. मोठ्या माणसाने भरपूर पाण्याबरोबर घेतले तर ते चांगले आहे. लहान मूल एवढे पाणी पीत नाही. घशात किंवा आतड्यात ते फुगून अडकू शकते, म्हणून तान्ह्यांना आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना ते देऊ नये.

खाण्यापिण्यात काय बदलावे?

आहाराने नव्याने सुरू झालेला, हलका त्रास बरा होऊ शकतो. जुना, दुखरा त्रास नुसत्या आहाराने बरा होत नाही, आणि आहार सुधारण्याच्या नादात औषध लांबवू नये. डब्याचे दूध घेणाऱ्या बाळासाठी आधी पाणी मोजावे आणि मग डब्यातल्याच मापाने, सपाट करून, डब्यावर लिहिले आहे तेवढीच पावडर घालावी. "जरा घट्ट केले म्हणजे पोट भरेल" या विचाराने एक माप जास्त घातले तर शी कडक होते. आईच्या दुधावरच्या बाळाला सहा महिन्यांच्या आत इंदूरच्या मे महिन्यातही वरचे पाणी लागत नाही. त्याला अंगावर जास्त वेळा घ्यावे, तेवढे पुरते.

सहा महिन्यांनंतर नुसती तांदळाची पेज आणि केळे यांवर न थांबता शिजवून कुस्करलेली नाशपाती, पिकलेली पपई, भिजवून वाटून गाळलेले काळे मनुके, भाज्या घातलेला मऊ दलिया आणि मुगाच्या डाळीची खिचडी द्यावी. आख्खे मनुके लहान मुलाला देऊ नयेत, ते घशात अडकतात. जेवणाबरोबर वाटीने थोडे पाणी पाजावे. एक वर्षानंतरच्या मुलांमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारी चूक दुधाची आहे. दिवसभरात एक लिटर दूध, त्यात बुडवलेली बिस्किटे आणि टोस्ट, आणि मग पोळी-भाजीला जागाच नाही. अशा मुलाचे दूध दिवसाला सुमारे ४०० ते ५०० मि.ली.वर आणावे. इतके करूनही त्रास कमी झाला नाही, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टर दोन ते चार आठवडे दूध बंद करून पाहायला सांगतात. तो प्रयोग त्यांच्या देखरेखीखालीच करावा.

औषध: दोन मुख्य आणि बाकीची

लहान मुलांसाठी डॉक्टर प्रामुख्याने दोन औषधे वापरतात. दोन्ही आतड्यातल्या मळात पाणी धरून ठेवतात आणि त्याला मऊ करतात. आतड्याला चाबूक मारून पळवत नाहीत, म्हणून महिनोन्‌महिने दिली तरी आतडे त्यांच्यावर अवलंबून राहत नाही. "सवय लागेल" ही भीती या दोन औषधांबाबत निराधार आहे.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला बहुधा लॅक्ट्युलोज देतात. ही कृत्रिमरीत्या बनवलेली साखर आहे. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तिचे विघटन करतात आणि त्यातून तयार होणारी आम्ले पाणी ओढून घेतात. परिणाम दिसायला एक ते दोन दिवस लागतात, त्यामुळे सकाळी दिले आणि संध्याकाळपर्यंत शी झाली नाही म्हणून मात्रा वाढवू नये. पहिले काही दिवस वायू होतो, पोट गुरगुरते. आपल्याकडे मिळणाऱ्या सिरपमध्ये बहुधा १५ मि.ली.मध्ये १० ग्रॅम लॅक्ट्युलोज असते, तरी बाटलीवर वाचून खात्री करावी. ब्रिटनमधील बालकांच्या औषधकोशात एक ते अकरा महिन्यांच्या बाळासाठी सुरुवातीची मात्रा २.५ मि.ली. दिवसातून दोनदा, आणि एक ते चार वर्षांसाठी २.५ ते १० मि.ली. दिवसातून दोनदा अशी दिली आहे. आपल्या डॉक्टरांनी वजन पाहून वेगळी मात्रा लिहिली असेल तर तीच पाळावी. गॅलॅक्टोसेमिया हा जन्मजात आजार असलेल्या बाळाला हे औषध चालत नाही.

एक वर्षानंतर पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉल ३३५० या पावडरीला असते, तिला आम्ही दुकानात थोडक्यात पेग म्हणतो. ती आतड्यात जवळजवळ शोषली जात नाही. पाणी घट्ट धरून ठेवते आणि ते पाणी मळाबरोबर बाहेर नेते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपचनसंस्थातज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात रोजची सुरुवातीची मात्रा किलोमागे ०.४ ग्रॅम सांगितली आहे, आणि ती गरजेनुसार ०.२ ते ०.८ ग्रॅमपर्यंत कमी-जास्त करता येते.

हा हिशेब काउंटरवर मी कागदावर असा मांडून देते. मूल १२ किलोचे आहे. १२ गुणिले ०.४ म्हणजे ४.८ ग्रॅम. डब्याच्या झाकणातल्या खुणेपर्यंत १७ ग्रॅम पावडर बसते आणि ती २४० मि.ली. पाण्यात विरघळवायची असते. मग त्या तयार पाण्यातले सुमारे ७० मि.ली. म्हणजे मुलाची दिवसाची मात्रा झाली. उरलेले झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि चोवीस तासांत वापरले नाही तर टाकून द्यावे. छोट्या पुड्या घेतल्या असतील तर प्रत्येक पुडीत किती ग्रॅम आहे हे पाहावे, कारण कंपनीगणिक ते बदलते. पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावी आणि पाणी कमी करू नये, कारण हे औषध पाण्याच्या जोरावरच काम करते. दवा बाजारात पेगची एक मोठी पुडीही मिळते, ती कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने आतडे तपासण्याच्या, आधी मोठ्या माणसाचे आतडे धुण्यासाठी दोन लिटर पाण्यात घालायची असते. नाव सारखे असल्याने ती कोणी चुकून घरी आणू शकते, म्हणून पुडीवरचे वजन आणि उपयोग दोन्ही वाचावेत.

पातळ औषधे घरातल्या चमच्याने मोजू नयेत. सुई नसलेली ५ मि.ली.ची सिरिंज कोणत्याही दुकानात मिळते. बाळाला थोडे उभे धरून ती गालाच्या आतल्या बाजूला लावावी आणि थेंब थेंब सोडावे, जिभेच्या मागे एकदम पिचकारी मारू नये.

आधीच मोठा गोळा अडकलेला असेल तर रोजच्या मात्रेने तो निघत नाही, नुसते झिरपणे वाढते. त्यासाठी डॉक्टर तीन ते सहा दिवस पेगची मोठी मात्रा, किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम, देतात. ही मात्रा आपल्या मनाने सुरू करू नये. या दिवसांत पाण्यासारखी शी होते, कधी खडे पडतात, मूल चिडचिडते. घाबरून मध्येच थांबवले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून हे दिवस शनिवार-रविवार धरून, घरी असतानाच घ्यावेत. अगदी लहान बाळात अडकलेली शी काढायला डॉक्टर क्वचित लहान मुलांच्या मापाची, गुदद्वारात ठेवायची ग्लिसरीनची बत्ती वापरतात. ती एखाद्या वेळेसाठी असते, रोजच्यासाठी नाही.

आजोबांच्या कपाटातल्या बाटल्यांना मात्र हात लावू नये. मिल्क ऑफ मॅग्नेशिया तान्ह्या बाळाला दिले तर रक्तातले मॅग्नेशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. लिक्विड पॅराफिन असलेले औषध एक वर्षाच्या आत, तसेच ज्या मुलाचे दूध वर येते किंवा ज्याला गिळताना त्रास होतो त्याला देऊ नये. ते श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते. फॉस्फेटचा एनिमा दोन वर्षांखाली वापरू नये. त्याने रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकते. बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट अशी आतड्याला चेतवणारी औषधे दुसऱ्या फळीतली आहेत आणि ती कधी जोडायची हे डॉक्टरच ठरवतात.

औषधाबरोबर बसण्याची सवय

आपल्या आज्या बाळाला आपल्या दोन्ही पावलांवर बसवून, त्याचे गुडघे वर आणि पाठ आपल्या पोटरीला टेकवून शी करवत. ती बैठक अतिशय योग्य आहे, आणि मान धरलेल्या बाळाला तसे बसवायला काहीच हरकत नाही. त्या बैठकीत गुडघे कंबरेच्या वर येतात आणि गुदाशयाचा कोन सरळ होतो. कमोडवर बसणाऱ्या मुलाचे पाय लोंबकळत राहिले तर त्याला जोर लावता येत नाही, म्हणून पायांखाली पाट ठेवावा. जेवल्यानंतर आतडे आपोआप हलते, त्या संधीचा फायदा घेऊन नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटे बसवावे. मूल रडत असेल, ताठ होत असेल, तर उठवावे. ज्या मुलाची भीती अजून गेली नाही त्याचा लंगोट सोडवण्याची घाई करू नये. आधी शी मऊ व्हावी, मग लंगोट सुटावा, हाच क्रम ठेवावा. डाग लागला म्हणून रागावू नये, ते त्याच्या हातात नसते.

चीर पडली असेल तर शी झाल्यावर कोमट पाण्याच्या घमेल्यात पाच मिनिटे बसवावे आणि साधे व्हॅसलीन लावावे. शी मऊ राहिली तर चीर काही दिवसांत भरून येते.

कधी थांबवावे?

सर्वांत जास्त मुले इथेच मागे पडतात, आणि माझी मुलगीही पडली होती. अडकलेले निघाले, औषध सुरू झाले, आठव्या दिवशी तिला मऊ शी होऊ लागली आणि दहाव्या दिवशी मी बाटली उचलून ठेवली. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा पडद्यामागे टाचा उचलून उभी होती. तोपर्यंत तिचे आतडे रिकामे झाले होते, पण तिच्या मनाला अजून एकही महिना न दुखता गेला नव्हता, आणि ताणलेला गुदाशयही आपल्या मूळ मापावर आला नव्हता. औषध खरे त्यासाठी असते. शी न दुखता होते हे मुलाला इतक्या वेळा अनुभवायला मिळाले पाहिजे, की धरून ठेवण्याची त्याला आठवणच राहू नये.

म्हणून हे औषध किमान दोन महिने रोज द्यावे, आणि सगळा त्रास पूर्ण थांबल्यावर आणखी निदान एक महिना जाऊ द्यावा. त्यानंतरच ते कमी करायला सुरुवात करावी. तज्ज्ञांकडे पाठवाव्या लागलेल्या मुलांपैकी साधारण निम्मी मुले सहा महिने ते वर्षभरात औषधाशिवाय बरी होतात, म्हणजे बाकीच्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. हे आधीच माहीत असले म्हणजे तिसऱ्या महिन्यात धीर सुटत नाही.

मात्रा योग्य आहे की नाही हे शीवरून ठरवावे. ती घट्ट श्रीखंडासारखी असावी आणि रोज किंवा एक दिवसाआड व्हावी. पाण्यासारखी झाली तर पेगचे तयार पाणी दहा मि.ली.ने कमी करावे, कडक झाली तर तेवढेच वाढवावे, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस थांबून पाहावे. डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेबाहेर मात्र जाऊ नये. उलट्या-जुलाबाची साथ लागली किंवा ताप आला तर औषध तात्पुरते थांबवून त्यांना विचारावे.

नोंदीसाठी वेगळी वही लागत नाही. आमच्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत मी रोज रात्री एक अक्षर लिहीत असे: मऊ शीला म, कडक शीला क, काहीच नसेल तर रेघ, आणि दिलेले मि.ली. खाली आकड्यात. डॉक्टरांनी दुसऱ्या वेळी तेच पान पाहून मात्रा ठरवली. औषध कमी करताना ते दर दोन आठवड्यांनी साधारण पाव हिश्शाने कमी केले, आणि पुन्हा दोन क ओळीने आले की त्याआधीच्या मात्रेवर परत जाऊन आणखी महिनाभर थांबलो. असे दोनदा झाले. पाचव्या महिन्याच्या पानावर शेवटचा आकडा आहे, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत नुसते म.